पुणे ते अलिबाग, एका दिवसात, बारा जणांचा गट: तारीख ठरवताना काय बघायचं?

नीरजा_कोथरूड

पुण्याहून पहाटे निघून रात्री परत, सोबत माहीतगार वाटाड्या, गट दहा-बारा जणांचा, अशा अलिबागच्या सहली आता बरेच जण आयोजित करतात. जाहिरातीत नाश्ता, जेवण, कुलाबा किल्ला, समुद्रकिनारा सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, ही एक ओळ मात्र दहातल्या आठ जाहिरातींत नसते. कुलाबा किल्ला पाण्यात आहे आणि चालत जायचं तर ओहोटीलाच जाता येतं. म्हणजे सगळा दिवस त्या एका वेळेभोवती बांधायला हवा. इथे तारीख निवडणं, गाडी, जेवण, वाटाड्याला विचारायचे प्रश्न हे सगळं एका जागी जमवू. ज्यांना जे पक्कं ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा.

सुरुवात मी करते. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. शुक्ल असो वा कृष्ण, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येते ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला ६ × ३/४ = ४.५, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचार. त्यात साधारण ६ तास १२ मिनिटं मिळवली की ओहोटी: सकाळी पावणेअकराच्या सुमारास. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून त्यावरून फक्त शनिवार-रविवार निवडायचा. नक्की वेळ मुंबईच्या (अपोलो बंदर) भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यायची. अलिबागला तेच कोष्टक चालतं, फरक थोडा पडतो.

मृद्गंध

छान धागा. मग तर अष्टमी सगळ्यात सोयीची नाही का? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहाला भरती. ओहोटी बरोबर बाराच्या पुढेमागे. पुण्याहून सहाला आरामात निघून दहापर्यंत पोचता येईल.

खाडीकाठ

मृद्गंध, नेमकी इथेच चूक होते, आणि आयोजकांचीही होते. ओहोटीची वेळ बघून भागत नाही, ओहोटीला पाणी किती खाली जातं तेही बघावं लागतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या पुढे एक-दोन दिवस उधाण. भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या पुढे एक-दोन दिवस भांग. तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. मुंबईच्या कोष्टकात उधाणाच्या ओहोटीचा आकडा सरासरी ०.८ मीटरच्या आसपास असतो, भांगेच्या ओहोटीचा जवळपास १.९ मीटर. म्हणजे अष्टमी-नवमीला दुपारी बाराची ओहोटी असली, तरी उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्त उभं असतं. वेळ सोयीची, वाट ओली.

उलट उधाणाला वाट चांगली उघडी पडते, पण ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळी सहाला पुणेकर अजून घाटात असतात. संध्याकाळी सहाला किल्ल्यात जाण्यात अर्थ नाही. सूर्यास्त झाला की किल्ला बंद आणि पाणी लगेच वळलेलं.

म्हणून मधली तिथी धरायची:

पंचमी: ओहोटी साधारण १०
षष्ठी: १०.४५
द्वादशी: दुपारी ३.१५
त्रयोदशी: ४

पंचमी-षष्ठी उधाण ओसरल्यावर लगेच येतात, म्हणून पाणी अजून बऱ्यापैकी खाली जातं. एकादशीला ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास, वेळ उत्तम, पण ती भांगेच्या अगदी पाठोपाठ येते. एकादशी आणि षष्ठी यात षष्ठी घ्या. दोन्ही पंधरवडे धरून महिन्याला एक-दोन चांगले शनिवार-रविवार हाती लागतात. त्याहून जास्त मिळत नाहीत, आणि दर रविवारी तीच सहल, तेच वेळापत्रक असं ज्यांचं पत्रक सांगतं त्यांना दोन प्रश्न जास्त विचारावेत.

आणखी एक. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. कोष्टकात पहाटेचा आकडा बघून खूश होऊ नका, आपण ज्या ओहोटीला उतरणार तिचाच आकडा बघा.

मृद्गंध

अरे वा, हे माहीत नव्हतं. म्हणजे षष्ठीची सहल ठरवली, ओहोटी १०.४५ धरली, तर किल्ल्यात कधी शिरायचं आणि कधी निघायचं?

खाडीकाठ

ओहोटीच्या एक तास आधी वाळूत उतरायचं, ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याला पाय लागलेला हवा. चालायला १५-२० मिनिटं. म्हणजे ९.४५ ला निघा, १०.०५ ला दरवाजात, ११.२५ ला बाहेर, ११.४५ ला किनाऱ्यावर. किल्ला बघायला तास-सव्वातास मिळतो आणि तो पुरतो.

लोक का अडकतात, ते समजून घ्या. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १ असे चढतात. समजा त्या दिवशी ओहोटी-भरतीत २.४ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम २० सेंटिमीटर चढतं. तटावरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटतच नाही. दुसऱ्या तासाअखेर ६० सेंटिमीटर, तिसऱ्या तासाअखेर १२० सेंटिमीटर. म्हणजे "अजून अर्धा तास फोटो काढू" असं म्हणायचा मोह ज्या वेळी होतो, त्याच्यानंतरच पाणी जोर धरतं.

त्यात वाळू सपाट नसते. मधले खोलगट पट्टे आधी भरतात. पुढची वाट कोरडी दिसते आणि मधल्या पट्ट्यात वाहतं पाणी असतं. मांडीपर्यंतच्या वाहत्या पाण्यात मुलं आणि वयस्क माणसं उभी राहू शकत नाहीत. वेळ चुकलीच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यात थांबा आणि वाटाड्याला किनाऱ्यावरून होडीची सोय करायला लावा. होडी न मिळाल्यास पुढची ओहोटी.

गाडीवान

गाडीचं मी लिहितो.

बारा जण, वाटाड्या आणि त्याचा मदतनीस म्हणजे १४. त्याला १७ आसनी टेंपो ट्रॅव्हलर घ्या. १३ आसनीत कोंबू नका. परत येताना ओले कपडे, पिशव्या, कांद्याच्या माळा सगळं मांडीवर येतं. पाटी पिवळी आहे का बघा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. प्रवासी गाडीला वेगमर्यादा यंत्र असतं, ताशी ८० च्या वर ती जात नाही. स्वतःच्या कारनं किती वेळ लागतो त्यावरून हिशेब करू नका.

रस्ता: द्रुतगती मार्ग, खोपोलीला उतार, खोपोली-पेण रस्ता, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. शिवाजीनगरहून साधारण १४५ किमी. ट्रॅव्हलरला साडेतीन तास, अर्ध्या तासाचा थांबा धरून चार. षष्ठीचा वरचा हिशेब धरला तर शेवटचा माणूस गाडीत बसायची वेळ ५.१५. कोथरूड, शिवाजीनगर, चिंचवड असे तीनच थांबे ठेवा. प्रत्येक जादा थांबा १०-१५ मिनिटं खातो आणि ती मिनिटं थेट किल्ल्यातून वजा होतात.

अडकायची जागा वडखळ. मुंबई-गोवा रस्त्याची आणि अलिबागची वाहनं तिथे एकत्र येतात, शिवाय पुढे डोलवीच्या कारखान्याचे अवजड ट्रक असतात. शनिवारी आठच्या आत वडखळ ओलांडलं तर पुढे अडचण नाही. रविवारी संध्याकाळी परतताना अलिबाग ते पेण मुंबईच्या गर्दीबरोबरच सरकावं लागतं, पेणला आपला खोपोलीचा फाटा सुटला की रस्ता मोकळा. म्हणून रविवारची सहल असेल तर अलिबागहून चारला निघा, नाहीतर शनिवार घ्या.

भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किमी धरतात. पुणे-अलिबाग-पुणे त्यातच बसतं. रेवदंडा जोडलं की जाऊन-येऊन ३५ किमी वाढतात आणि जादा किमीचा दर लागतो. चालक भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. मध्यरात्री बारानंतर गाडी परतली तर दुसऱ्या दिवसाचं भाडं मागतात. हे सगळं आयोजकानं दिलेल्या रकमेत धरलंय का, ते लेखी विचारा.

मुक्ता_प

गाडीवान, धन्यवाद. बायकांच्या दृष्टीनं एक भर घालते, कारण ही गोष्ट कोणी लिहीत नाही आणि दिवस त्यावरच बिघडतो. स्वच्छतागृह द्रुतगती मार्गावरच्या थांब्यावर नक्की मिळतं, त्यापुढे अलिबागपर्यंत भरवशाचं नाही. म्हणून नाश्त्याचा थांबा घाट उतरण्याआधी, तिथेच घ्यायचा. घाटात पोट बिघडणाऱ्यांनी मात्र नाश्ता खाली उतरल्यावर करावा. गोळी घ्यायची असेल तर गाडीत बसण्याआधी अर्धा तास.

अलिबागला गटासाठी अर्ध्या दिवसाला एक खोली घ्यायला सांगा. जेवायला जिथे जाणार त्याच घरगुती निवासात बहुधा मिळते. किल्ल्यावरून आल्यावर गुडघ्यापर्यंत खारं पाणी आणि वाळू असते. बारा जणांत एका खोलीचा खर्च माणशी फार येत नाही, आणि पाय धुऊन कोरडे कपडे घातले की परतीचे चार तास सुसह्य होतात.

पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घ्या. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून निघते, बूट भिजून जड होतात. अनवाणी तर अजिबात नको. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपांची कड पात्यासारखी कापते. कापलं तर आधी स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, वाळूचा कण आत राहिला तर जखम चिघळते.

डॉक्टर_आंबेगाव

मुक्ता यांनी लिहिलंय त्यात जोड. उथळ वाळूत पाकट (चपटा काटेरी मासा) पुरलेला असू शकतो. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाला, तो आधीच सरकतो. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४०-४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. त्याचं विष उष्णतेनं निकामी होतं. पाणी आधी मदतनीसानं स्वतःच्या कोपराला लावून बघावं, दुखण्यात माणसाला भाजल्याचं कळत नाही. काटा आत राहिला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर उपटायचा नाही, थेट रुग्णालय. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे.

वाटाड्याच्या पेटीत एवढं हवंच: जंतुनाशक, गॉज, चिकटपट्टी, क्षारसंजीवनीची पाकिटं, चिमटा, थर्मासमध्ये गरम पाणी. थर्मास बघितला की मला त्या आयोजकाबद्दल विश्वास वाटतो.

नीरजा_कोथरूड

इतकं नेमकं लिहिताय सगळे! आता किल्ल्यातलं. वाटाड्यानं त्या सव्वा तासात काय दाखवावं?

चौलवाडी

तट आधी बाहेरून दाखवावा, आत शिरायच्या घाईत तो राहून जातो. मोठमोठे चिरे चुना न भरता एकावर एक बसवलेत. दोन चिऱ्यांमधल्या फटीत हात घालून बघा, बोटं आत जातात. लाट आदळली की पाणी त्या फटींत शिरतं, जोर विखुरतो आणि पाणी निथळून परत येतं. चुन्यानं सलग बांधलेल्या भिंतीला तो सगळा मार अंगावर घ्यावा लागला असता. एवढं एक नीट दाखवलं तरी माणूस किल्ल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

मग महादरवाजा, त्यावरची प्राण्यांची शिल्पं. आत सिद्धिविनायकाचं मंदिर, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. गाभाऱ्यात गणेश पंचायतन आहे. मंदिरात आजही पूजा होते, ओल्या सँडल बाहेर काढा. जवळ पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. चहूकडे खारं पाणी असताना हे गोडं पाणी होतं, म्हणून किल्ला लढवता आला. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा. त्यांच्यावर १८४९ साल आणि यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलंय. म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत, नंतरच्या इंग्रजी अमदानीतल्या. खूप वाटाडे त्या कान्होजींच्या म्हणून सांगतात. साल वाचून दाखवा. तिथूनच सर्जेकोट, शेजारचा छोटा किल्ला, दिसतो.

इतिहास सांगताना क्रम असा: बांधायला शिवछत्रपतींनी घेतला, पूर्ण झाला संभाजी महाराजांच्या काळात, आणि आरमाराचं मुख्य ठाणं म्हणून गाजला कान्होजी आंग्र्यांमुळे. कान्होजींचं निधन १७२९ चं, त्यांची समाधी अलिबाग गावात छत्रीबागेत आहे. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं तिथे जरूर काढा. गावातच १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ती इकडे हलवली. बाहेरूनच बघायची, पण मुलांना हे कारण फार आवडतं.

किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट लागतं. फोनवर आधीच काढून ठेवलं तर दरवाजातली दहा मिनिटं वाचतात.

मृद्गंध

गटात सत्तरीच्या दोन आजी आहेत. त्यांना चालत नेऊ का? आणि त्याच दिवशी मुरूड-जंजिराही जोडावा असं काहींचं म्हणणं आहे.

चौलवाडी

आजींसाठी किनाऱ्यावर घोडागाडी मिळते, ओहोटीला ती पाण्यातून किल्ल्यापर्यंत जाते. भाडं जाण्यायेण्याचं एकत्र ठरवा आणि परतीची वेळ घड्याळ दाखवून ठरवा, कारण सोडून गाडी पुढच्या फेरीला जाते. चढायची पायरी उंच असते, एक माणूस खाली हात द्यायला हवा.

जंजिरा जोडू नका. मुरूड अलिबागच्या दक्षिणेला ५० किमीच्या आसपास, रस्ता वळणाचा, वर राजपुरीहून शिडाच्या होडीची रांग. दोन्ही किल्ले उरकल्यासारखे होतील. वेळ उरलाच तर रेवदंडा घ्या, १७ किमी. पोर्तुगीज तटबंदी नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरते, आणि अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौलला उतरला त्याचं स्मारक तिथल्या शाळेत आहे.

सुलभा_मुलुंड

मुंबईहून दोघींना याच गटात यायचंय. मांडव्याला भेटता येईल का?

गाडीवान

येईल, पण मांडव्याला गाडी वळवू नका, जाऊन-येऊन ४० किमी वाढतात. गेटवेहून बोट तासाभरात मांडव्याला, तिथून बोट कंपनीचीच बस पाऊण तासात अलिबाग. बसचं भाडं बहुतेक बोटीच्या तिकिटातच असतं. सकाळची पहिली बोट धरा आणि अलिबागला भेटा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट). पण पावसाळ्यात किल्ल्यात चालत जाणंही धरू नका, समुद्र खवळलेला असतो आणि कोष्टकातल्या आकड्यापेक्षा पाणी वर राहतं.

मुक्ता_प

जेवणाचं राहिलं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत खाणावळीला नग सांगा: शाकाहारी किती, मासे किती, सुरमई किती, बोंबील किती. न सांगता बारा जण गेले तर तासभर ताटकळावं लागतं. तांदळाची भाकरी हवी असेल तर तेही सांगा, नाहीतर चपाती येते. उकडीचे मोदक आधी सांगूनच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई मागू नका, खाडीचं काही मिळालं तर घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी सांगता येते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, हवी तर अंडी-कोंबडी, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. एक मडकं लागायला अर्धा-पाऊण तास, पण शेंगा निवडणं, मडकं भरणं धरून दीड तास. एका दिवसाच्या सहलीत जेवणाऐवजीच ठेवा.

नीरजा_कोथरूड

वडखळलाच अडकलो आणि उशीर झाला तर? वाटाड्यानं काय करावं?

खाडीकाठ

ते आधीच ठरवून सगळ्यांना गाडीत सांगून ठेवावं. ओहोटीच्या वेळेला गट वाळूत उतरायला तयार नसेल तर किल्ला रद्द. पंधरा मिनिटांची सूटही नको, कारण बारा जण उतरेपर्यंत वीस मिनिटं जातात. मग छत्रीबाग, रेवदंडा, किनारा. होडी चालू असेल आणि समुद्र शांत असेल तर भरतीला होडीनं किल्ला, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांचं मुलांच्या मापाचं.

वाळूत उतरताना आणि किल्ल्यातून निघताना डोकी मोजायची, पुढे वाटाड्या, शेवटी मदतनीस, त्याच्या मागे कोणी नाही. आयोजकाला फोनवर एकच प्रश्न विचारा: "त्या दिवशी ओहोटी किती वाजता आणि किती मीटर?" उत्तर लगेच आलं तर पैसे भरा.

सुलभा_मुलुंड

शेवटचं. पांढरा कांदा कुठे घ्यावा?

गाडीवान

फेब्रुवारी ते मे, परतताना कार्लेखिंडीजवळ. कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्याची गावं. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. माळ घेताना कांदा ज्या पातीनं विणलाय ती ओढून बघा. पात कोरडी आणि कांद्याची मान बारीक हवी. मान जाड, ओलसर असेल तर घरी आठवड्यात कुजतो. गाडीत डिकीत दाबून ठेवू नका, मागच्या सीटच्या दांड्याला टांगा. घरीही टांगूनच ठेवायचा, वारा लागेल अशा जागी.